फरशीवरील पारदर्शक लेप : इपॉक्सीचे गुण आणि मर्यादा

घराची फरशी जुनी झाली, तिची चकाकी गेली आणि नक्षीवर धूसर छटा चढली, की घरधन्यासमोर दोन मार्ग उभे राहतात. एक तर जुनी फरशी उखडून नवी बसवावयाची, नाही तर आहे त्याच फरशीवर एखादा लेप देऊन ती पुन्हा उजळावयाची. पहिला मार्ग खर्चाचा व धुळीचा. त्यामुळे मन साहजिकच दुसऱ्याकडे ओढ घेते. रंगाच्या दुकानातून मिळणाऱ्या पारदर्शक इपॉक्सी रेझिनमुळे हा दुसरा मार्ग फारच सोपा झाल्यासारखा वाटतो. दोन डब्यांतील दोन द्रव एकत्र करावयाचे, फरशीवर पसरावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काचेसारखा पृष्ठभाग तयार! गोव्यातील जुन्या घरांतून, तसेच बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील वाड्यांतून रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या अजून शाबूत आहेत. त्या लाद्यांवर असा लेप द्यावा काय, या प्रश्नाचे उत्तर डब्यावरील चित्रावरून ठरविता येत नाही. ते त्या द्रव्याच्या आणि त्या फरशीच्या स्वभावावरून ठरवावे लागते. कारण हा लेप एकदा बसला की तो सहजासहजी निघत नाही.

प्रथम हे द्रव्य काय आहे, ते समजून घेतले पाहिजे. राळ म्हणजे झाडाचा वाळलेला चीक, हे सर्वांस ठाऊक आहे. इपॉक्सी हीदेखील एक राळच. परंतु ती झाडाची नसून रसायनशाळेतील आहे. नेहमीच्या वापरातील इपॉक्सी ही बिस्फेनॉल-ए आणि एपिक्लोरोहायड्रिन या दोन रसायनांपासून तयार करतात. स्वित्झर्लंडमधील पिएर कास्तां हा रसायनशास्त्रज्ञ १९३० नंतरच्या दशकात दातांच्या कवळ्यांसाठी योग्य असे द्रव्य शोधीत होता; त्या खटपटीत त्याने ही राळ कठीण करण्याची कृती सिद्ध केली. तिचे हक्क पुढे सिबा या कंपनीने घेतले, आणि १९४६ साली त्यातूनच 'अ‍ॅराल्डाइट' हे चिकटद्रव्य बाजारात आले. अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यानेही त्याच सुमारास या राळेवर महत्त्वाचे काम केले. फुटलेली कपबशी सांधणाऱ्या दोन नळ्यांतील अ‍ॅराल्डाइट आणि फरशीवर ओतावयाची पारदर्शक राळ ही एकाच कुळातील द्रव्ये होत.

इपॉक्सीच्या एका डब्यात राळ असते आणि दुसऱ्यात हार्डनर, म्हणजे तिला कठीण करणारे द्रव्य. हा हार्डनर बहुधा अमाइन जातीचा असतो. दोन्ही एकत्र येताच राळेच्या रेणूंची टोके उघडतात आणि अमाइनच्या रेणूंशी जोडली जाऊन एक विस्तीर्ण जाळे विणले जाते. रंग वाळतो तो त्यातील द्रावक उडून गेल्यामुळे. इपॉक्सी मात्र वाळत नाही, ती घडते. हा भेद ध्यानात घेतला की पुढील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. हार्डनर अधिक घातला तर लेप लवकर कठीण होईल, ही समजूत चुकीची आहे. जाळ्यात प्रत्येक रेणूला जोडीदार ठरलेला असल्यामुळे कमी किंवा जास्त पडलेला भाग जोडीवाचून राहतो आणि लेप कायमचा चिकट अथवा मऊ होतो. प्रमाण वजनाने सांगितले आहे की मापाने, हेही पाहावे. हार्डनर राळेपेक्षा हलका असल्यामुळे मापाने दोनास एक म्हणजे वजनाने दोनास एक असे होत नाही.

हे जाळे विणले जाताना उष्णता निर्माण होते. पातळ पसरलेल्या थरातून ती निघून जाते. बादलीत भरून ठेवलेल्या मिश्रणात मात्र ती कोंडते, मिश्रण आणखी वेगाने तापते, आणि कधी कधी त्यातून धूरही येतो. म्हणून हाताने लवकर पसरता येईल इतकेच मिश्रण एका वेळी करावे. एकदा कठीण झालेली इपॉक्सी पुन्हा वितळत नाही. लाख तापविली की मऊ होते आणि निवली की घट्ट होते. परंतु उकडलेले अंडे जसे पुन्हा कच्चे होत नाही, तशी ही राळ पुन्हा द्रव होत नाही. फरशीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की लेप बिघडला तर तो खरवडून अथवा घासूनच काढावा लागतो, आणि त्या घासण्यात लेपाबरोबर खालची नक्षीही जाते.

आता फरशीकडे वळावे. बोलण्यात सर्व लाद्यांना एकच नाव असले तरी या कामाच्या दृष्टीने त्यांच्या तीन निरनिराळ्या जाती आहेत. पहिली जात चिनी मातीच्या झिलईदार लाद्यांची. भाजलेल्या मातीवर काचेचा पातळ थर वितळवून बसविलेला असतो. पणजी येथील मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत निळ्या-पांढऱ्या 'अझुलेजू' लाद्यांवर १९३५ साली जे भित्तिचित्र बसविण्यात आले, ते याच जातीचे. अशा लादीला स्वतःचीच काच असते, तिला आणखी लेपाची गरज नसते. शिवाय त्या गुळगुळीत काचेवर इपॉक्सीला धरून राहावयास जागा मिळत नाही. जागा मिळावी म्हणून काच घासून खरखरीत केली, तर लादीचे मूळ सौंदर्यच गेले.

दुसरी जात सिमेंटच्या नक्षीदार लाद्यांची. या लाद्या भट्टीत भाजलेल्या नसतात. साच्यात पितळी पट्ट्यांची चौकट ठेवून तिच्या एकेका कप्प्यात पांढरे सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंग यांचे पातळ मिश्रण ओततात. चौकट उचलून त्यावर कोरडा थर व पाठीचा जाड थर देतात आणि दाबयंत्राने दाबतात. त्यानंतर लादी पाण्यात मुरवून पक्की करतात. ही कला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये वाढीस लागली आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी आपल्याकडे लोकप्रिय झाली. परदेशी लाद्यांना स्वदेशी तोड म्हणून मुंबईत १९२२ साली सिधवा कुटुंबाने भारत टाइल्सचा उद्योग सुरू केला, त्याचीही पार्श्वभूमी हीच. या लादीतील रंगीत थर काही मिलिमीटरच जाड असतो, आणि सबंध लादी सच्छिद्र असते. हळदीचा अथवा तेलाचा डाग तिच्यात मुरतो तो यामुळेच.

तिसरी जात नैसर्गिक दगडाची आणि साध्या भाजलेल्या मातीची. बेळगाव व हैदराबादकडील शहाबादी फरशी, इंदूर-ग्वाल्हेरकडील कोटा फरशी, ग्वाल्हेरचा वालुकाश्म आणि गोव्यातील घरांतून दिसणारी लाल मातीची फरशी ही सर्व या वर्गात येतात. शहाबाद व कोटा हे चुनखडीचे दगड असल्यामुळे त्यांना आम्लाचे भय असते. वालुकाश्म आणि लाल माती पाणी सहज शोषून घेतात.

दुसऱ्या व तिसऱ्या जातीच्या फरश्यांवर लेप देण्यापूर्वी खरा विचार करावयाचा तो जमिनीतील ओलीचा. जुन्या घरांची तळमजल्यावरील फरशी मुरूम, विटांचे तुकडे आणि चुना यांच्या भरावावर बसविलेली असते. त्या भरावाखाली पाणी अडविणारा पडदा बहुधा नसतो. दिव्यातील वात जशी तेल वर ओढते, तशी भरावातील सूक्ष्म छिद्रे जमिनीतील पाणी वर ओढतात. उघड्या फरशीतून ही ओल वाफेच्या रूपाने हळूहळू हवेत निघून जाते आणि घरातील माणसांना तिचा पत्ताही लागत नाही. पावसाळ्यात फरशीवर जो पांढरा खार उमटतो, तोच काय तो तिचा माग. पाणी उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात.

अशा फरशीवर इपॉक्सीचा लेप दिला की ही वाट बंद होते. ओल खालून येतच राहते. परंतु तिला बाहेर पडावयास जागा उरत नाही. ती लेपाखाली साठते, लेपाला खालून रेटू लागते, आणि एक-दोन पावसाळ्यांत लेपावर फोड येतात. फोड फुटले की पोपडे सुटतात. त्याहूनही वाईट गोष्ट अशी की क्षारांचे स्फटिक उघड्यावर न बनता लादीच्या रंगीत थराच्या आतच वाढू लागतात आणि तो थर आतून फोडतात. सुटणाऱ्या पोपड्याबरोबर शंभर वर्षांची नक्षीही निघून येते. बाहेर जाण्यास अटकाव झालेली ओल भिंतींकडे वळून त्यांचा गिलावाही बिघडवू शकते. रक्षणासाठी म्हणून दिलेला लेप अशा रीतीने नाशाला कारण होतो. वरच्या मजल्यावर, जेथे खाली जमीन नसून खोली आहे, तेथे हे भय पुष्कळच कमी असते.

फरशीत ओल आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी चाचणी आहे. सुमारे १८ इंच लांब व तितकाच रुंद असा जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन तो फरशीवर पसरावा आणि चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद कराव्या. किमान १६ तास तो तसाच राहू द्यावा. पूर्ण दिवस ठेवल्यास अधिक चांगले. नंतर तुकडा उचलून पाहावा. त्याच्या खालच्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले, अथवा झाकलेली फरशी भोवतालच्या फरशीपेक्षा काळपट झाली, तर त्या फरशीवर इपॉक्सी देण्याचा विचार सोडून द्यावा. मात्र ही चाचणी वैशाखात घेऊन समाधान मानू नये. उन्हाळ्यात कोरडी ठरलेली फरशी भाद्रपदात ओली असू शकते. म्हणून चाचणी पावसाळ्यात अथवा तो संपता संपता घ्यावी. तुकडे खोलीच्या मध्यभागी आणि बाहेरच्या भिंतीजवळ अशा दोन-तीन ठिकाणी ठेवावे.

ओलीनंतर सूर्यप्रकाशाचा विचार करावा. डब्यातील राळ पाण्यासारखी स्वच्छ दिसली तरी तिच्या रेणूंच्या घडणीमुळे ती उन्हातील जंबुपार किरण शोषून घेते आणि कालांतराने पिवळी पडते. राळेत घातलेली रक्षक द्रव्ये हा बदल लांबवितात, पण थांबवीत नाहीत. सज्जा, अंगण किंवा दक्षिणेच्या खिडकीखालील जागा येथे हा पिवळेपणा आधी दिसतो आणि खोलीतील उरलेल्या फरशीपासून तो भाग वेगळा उठून दिसतो. यावर पॉलियुरेथेनचा आणखी एक लेप देतात. तो ऊन अधिक सोसतो. परंतु त्याच्या हार्डनरची वाफ श्वासनलिकेस अपायकारक असल्यामुळे ते काम जाणकारानेच करावे.

उष्णतेचीही मर्यादा आहे. साध्या तापमानात घडलेली बहुतेक इपॉक्सी सुमारे ५० ते ६० अंश सेल्सिअसला नरम पडू लागते. स्वयंपाकघरातील ओट्यावर हा लेप दिला आणि चुलीवरचा कुकर उतरवून तेथे टेकला, तर त्याचा गोल वण कायमचा उमटतो. तेथे लाद्यांना लेप देण्याऐवजी लाद्यांमधील सांधे इपॉक्सी मिश्रणाने भरावे. बारीक वाळू मिसळलेली ही सांधेभरणी पाणी, तेल व हळद शोषीत नाही आणि सिमेंटच्या सांध्यांप्रमाणे काळी पडत नाही. न्हाणीघरातही ती उपयोगी पडते. इपॉक्सीचा घरातील सर्वांत निर्धोक उपयोग कदाचित हाच असेल.

घसरण्याचा प्रश्न तर वृद्ध माणसे असलेल्या घरी सर्वांत महत्त्वाचा. सच्छिद्र लादी पायाखालचे थोडे पाणी पिऊन टाकते. काचेसारख्या लेपावर ते पाणी तसेच राहते. पावसातून आलेले ओले पाय, न्हाणीघराचा उंबरठा आणि जिन्याच्या पायऱ्या या ठिकाणी चकचकीत लेप मुळीच देऊ नये. देणे भागच असेल तर ओल्या लेपावर बारीक गारगोटीची वाळू भुरभुरावी आणि चकाकीचा मोह सोडावा. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्या घराने अनुभवले आहे त्याला हे अधिक सांगण्याचे कारण नाही.

इतके सर्व पाहून जेथे लेप देणे योग्य ठरेल, म्हणजे वरच्या मजल्यावरील कोरडी खोली, दुकानातील अंतर्भाग किंवा खाली पाणी अडविणारा पडदा असलेली नवी फरशी, तेथे काम पायरीपायरीने करावे. मेण, तेल व साबण यांचा अंशही फरशीवर राहता कामा नये. पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो मण्यासारखा उभा राहिला तर जुने मेण अजून शिल्लक आहे, हळूहळू मुरला तर पृष्ठभाग तयार आहे, असे समजावे. सफाईसाठी संडास धुण्याचे आम्ल कदापि वापरू नये, कारण सिमेंट आणि चुनखडीचा दगड दोन्ही आम्लाने झडतात. घासावयाचे ते पाणी शिंपडून घासावे. कोरड्या घासण्याने उडणारी सिमेंट-दगडाची बारीक धूळ फुप्फुसांस घातक असते. त्यानंतर फरशी काही दिवस पूर्ण वाळू द्यावी. सर्व फरशीवर हात घालण्यापूर्वी कपाटाखाली झाकल्या जाणाऱ्या एखाद्या लादीवर लेप देऊन काही आठवडे पाहावे. सच्छिद्र लादीचा रंग लेपाने गडद होतो, आणि तो पसंत पडेलच असे नाही.

किती राळ लागेल हा हिशेब सोपा आहे. एक लिटर राळ एक चौरस मीटरवर पसरली तर थर एक मिलिमीटर जाड होतो. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीचे क्षेत्र १२० चौरस फूट, म्हणजे सुमारे ११.१५ चौरस मीटर असते. तिच्यावर ०.२ मिलिमीटरचा थर द्यावयास सव्वादोन लिटर राळ पुरते. परंतु काचेसारखा दोन मिलिमीटर जाड थर हवा असेल तर बावीस लिटरांहून अधिक लागेल. पहिला हात लादी पिऊन टाकते, म्हणून थोडी अधिकच धरावी.

हवामानही पाहिले पाहिजे. दमट हवेत हार्डनरमधील अमाइन हवेतील बाष्प व कर्बवायू यांच्याशी संयोग पावते आणि लेपावर मेणचट पांढुरकी साय धरते. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांहून अधिक असेल तर काम करू नये. गोव्यात व कोकणात ज्येष्ठ ते भाद्रपद हे काम टाळावे हे उघडच आहे. उलट ग्वाल्हेरकडे पौषातील थंडीत पारा दहा अंशांखाली उतरला की रेणूंचे जाळे फारच सावकाश विणले जाते. तेथे दिवाळीच्या सुमाराचे किंवा फाल्गुनातील दिवस सोयीचे. लेपावर दुसऱ्या दिवशी चालता येते. पण त्याला पुरता पक्केपणा यावयास सुमारे सात दिवस लागतात. तोवर जड सामान ओढू नये आणि फरशी पाण्याने धुऊ नये.

हे काम करणाऱ्या माणसाची काळजी हा भाग बहुधा विसरला जातो. कच्ची राळ आणि हार्डनर त्वचेस लागत राहिल्यास खाज, पुरळ आणि सूज येते. एकदा शरीराला या द्रव्याचे वावडे जडले की ते जन्मभर राहते. पुढे थोडा स्पर्शही सहन होत नाही, आणि त्या कारागिराचा व्यवसायच सुटतो. सुती हातमोजे उपयोगाचे नाहीत, कारण ते राळ शोषून हातालाच लावून ठेवतात. नायट्राइलचे हातमोजे वापरावे, खिडक्या उघड्या ठेवाव्या, आणि हाताला राळ लागल्यास ती थिनरने न पुसता साबण व पाण्याने धुवावी. थिनर राळ पातळ करून तिला त्वचेत शिरावयास मदतच करतो. घरधन्याने हे साहित्य मजुराला स्वतः आणून द्यावे. हातमोज्यांची किंमत राळेच्या किमतीपुढे काहीच नाही.

तळमजल्यावरील जुन्या नक्षीदार फरशीसाठी मग काय करावे? आधी ओलीचे मूळ शोधावे. तुंबलेली पन्हळ, भिंतीलगत साचणारे पाणी किंवा गळके नळ दुरुस्त केले की अर्धे काम होते. खार कोरड्या कुंचल्याने झाडून काढावा, कारण पाण्याने तो पुन्हा आत मुरतो. मग सौम्य साबणाने फरशी धुऊन कसबी कारागिराकडून हलकी घोटाई करून घ्यावी. रंगीत थर पातळ असल्यामुळे ही घोटाई वरचेवर करावयाची नाही. डागांपासून रक्षण हवे असेल तर लादीच्या छिद्रांत मुरणारे, परंतु वाफेला वाट देणारे सिलेन-सिलॉक्सेन जातीचे द्रव्य मिळते. साधे मेणही चालते. मेण झिजते आणि पुन्हा लावावे लागते, हा त्याचा दोष मानला जातो. परंतु जे झिजते ते काढताही येते. जुन्या कलावस्तूंचे जतन करणारे तज्ज्ञ होता होईल तो असेच द्रव्य पसंत करतात, जे पुढच्या पिढीला वस्तूस धक्का न लावता काढता येईल. एखाद-दुसरी लादी फुटली असेल तर तेवढीच बदलावी. अशा लाद्या आजही जुन्या पद्धतीने साच्यात बनविल्या जातात.

इपॉक्सी हे द्रव्य वाईट नाही. योग्य जागी त्याच्याइतके चिवट व पाणी अडविणारे द्रव्य घरगुती कामात क्वचितच सापडेल. परंतु पाणी अडविण्याचा हा गुण वरून येणाऱ्या आणि खालून येणाऱ्या पाण्यात भेद करीत नाही. म्हणून डबा विकत घेण्यापूर्वी दहा-वीस रुपयांचे प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी आणावी, आणि एक दिवस वाट पाहावी. फरशी कोरडी निघाली तर पुढचे काम निर्धास्त मनाने करता येईल. ओली निघाली तर निदान आजोबांच्या वेळची नक्षी तरी नातवंडांसाठी वाचेल.